बटाटा : एक शब्द, अनेक अर्थ

1948 पर्यंत सांगली संस्थानात असलेल्या आणि आज बेळगावी शहराचा भाग झालेल्या शहापुरात मराठी व कन्नड या दोन भाषा शेजारी नांदतात. मराठी गृहिणी ज्याला 'रताळे' म्हणते, त्याला कन्नड शेतकरी 'गेणसु' म्हणतो. 'बटाटा' मात्र उभयतांना कळतो. ग्रांथिक कन्नडमध्ये त्यास 'आलूगड्डे' हे नाव असले, तरी या भागातील बोलीत 'बटाटे' हाच शब्द रूढ आहे. तो येथे आला कोठून?

त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेत आहे. तेथे 'बटाटा' म्हणजे रताळे! 1492 नंतर स्पॅनिश दर्यावर्दींनी हा कंद नावासह युरोपात नेला. पुढे 1532 मध्ये ते पेरूत उतरले. तेथे अँडीज पर्वतावर त्यांना एक निराळाच कंद आढळला. केचुआ भाषेत त्यास 'पापा' म्हणत. दोन्ही नावांची सरमिसळ होऊन स्पेनमध्ये 'पटाटा' हा शब्द झाला. इंग्रजीतील 'पोटॅटो'ही आरंभी रताळ्याचाच वाचक होता. पोर्तुगीजांनी नव्या कंदास 'बटाटा' म्हटले व रताळ्यास 'गोड बटाटा'. फ्रेंच व डच लोकांनी त्यास 'जमिनीतील सफरचंद' ठरविले, तर जर्मनांचा 'कार्टोफेल' हा शब्द जमिनीखाली वाढणाऱ्या एका भूछत्राच्या इटालियन नावावरून आला.

मराठीने पोर्तुगीज शब्द स्वीकारला. हिंदीने मात्र खाद्य कंदाचा वाचक असलेला संस्कृत 'आलु' शब्द नव्या कंदास लावला. त्याच कुळातील मराठी 'अळू' आपण पानांसाठी लावतो, आणि 'रताळे' हे 'रक्तालु'चे रूप होय.

परंतु नावे जुळली म्हणून गुण जुळत नाहीत. अळूची पाने चांगली शिजवून खातात. रताळ्याच्या कोवळ्या पाल्याचीही भाजी होते. बटाट्याचा पाला मात्र विषारी असतो. हिरवे पडलेले वा कोंब फुटलेले बटाटेही खाऊ नयेत. लागवडही वेगळी आहे. बटाटा हा खोडाचा भाग असल्याने त्याच्या डोळे असलेल्या फोडी लावतात. रताळे हे मूळ असून त्याच्या वेलाचे तुकडे लावतात.

म्हणून शेतीविषयक पत्रक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना केवळ शब्दावर विसंबू नये. वस्तूची ओळख आधी पटवावी. सीमाभागातील शिक्षकांनी आठवडी बाजारातील टोपलीपासूनच हा पाठ आरंभावा.