धरणाकाठची सुरमई

श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा शनिवार होता. आखाड संपत आलेला, त्यामुळे नाशिकच्या आसपासची रिसॉर्ट तुडुंब. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून असलेल्या एका ठिकाणी आम्हाला दोन कॉटेज मिळाली. पडवीत बसलं की दहा पावलांवर पाणी, समोर ढगात बुडालेले डोंगर, वर पत्र्यावर पाऊस. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या रत्नागिरीकडच्या. खुर्ची ओढून त्या पाण्याकडे तोंड करून बसल्या त्या उठेनातच. दोन दिवसांची ती विश्रांती आम्हा सगळ्यांनाच हवी होती.

रात्री तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसलो. मेन्यूकार्डावर सुरमई, पापलेट, कोळंबी. वेटर म्हणाला, "सुरमई घ्या ताई, आजच आलीय." आई पटकन म्हणाल्या, "अगं, आत्ता होड्या बंद असतात. आजची कुठून येणार?" मी ते कानाआड केलं. समोर एवढं पाणी पसरलेलं असताना मासा शिळा असेल, असं मनातच येत नाही. पण ते पाणी गोदावरीचं आहे, गोडं आहे, आणि सुरमई समुद्रातली. नाशिकला ती कसारा घाट चढून, बर्फात बसून येते.

पहिल्या दोन घासांतच आई म्हणाल्या, "जिभेला चुरचुरतंय गं." मी म्हटलं, मसाला तिखट असेल. हे वाक्य मला अजून टोचतं. अर्ध्या तासात त्यांचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडू लागली, मग जुलाब. सुरमई खाल्लेल्या माझ्या नवऱ्याचेही कान तापले. मी आणि मुलाने कोळंबी खाल्ली होती. आम्हाला काही झालं नाही. भर पावसात, अंधाऱ्या रस्त्याने गाडी काढून शहरातलं हॉस्पिटल गाठलं.

आम्ही "ॲलर्जी, ॲलर्जी" म्हणत होतो. डॉक्टरांनी एकच विचारलं, "मासा कुठला होता, आणि तोच आणखी कोणी खाल्ला का?" मग त्यांनी समजावलं. सुरमई, बांगडा, टूना या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. पकडल्यानंतर मासा गारव्याबाहेर राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा ते तयार झालं की तळा, उकळा, नाहीतर पुन्हा गोठवा, ते जात नाही. कधीकधी माशाला वासही येत नाही. म्हणून ती जिभेची चुरचुर महत्त्वाची. तिथेच ताट बाजूला सारायला हवं होतं. इंजेक्शन, सलाइन, रात्रभर रक्तदाबावर लक्ष. दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरी आल्या. बहुतेकांना एवढ्यावर बरं वाटतं, पण वयस्कर, हृदयविकार असलेल्या माणसाला हे जड जाऊ शकतं. क्षयरोगासाठी आयसोनियाझिडच्या गोळ्या चालू असतील, तर शरीराला हिस्टामिन मोडून काढणं अवघड जातं आणि त्रास वाढतो. आणि ॲलर्जी समजून घरी परतलो असतो, तर कोकणात वाढलेल्या बाईने पुढे जन्मभर मासा सोडला असता.

त्याआधी सकाळी रिसॉर्टवर सामान आणायला गेले तेव्हा स्वयंपाकघरात डोकावले. तिथे कळलं: आदल्या दिवशी वादळात वीज गेली होती, फ्रीजर बराच वेळ बंद होता, वीज आल्यावर तोच माल पुन्हा गोठला. धरणाच्या परिसरात पावसाळ्यात वीज जाणं नवीन नाही. म्हणून बुकिंग करतानाच विचारा: फ्रीजरला जनरेटरचा आधार आहे का? नीट गोठवून ठेवलेला मासा वाईट नसतो. तो "आजचा" म्हणून वाढणं वाईट. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत नाशिकमध्ये कोणी ताजी सुरमई म्हणालं, तर कुठून आली आणि कधी आली हे दोन्ही विचारा. मासा अख्खा दाखवायला सांगा. कल्ले लाल, डोळे फुगीर, बोटाने दाबलं तर मांस परत वर यायला हवं. वितळून पुन्हा गोठलेल्या तुकडीतून पाणी सुटतं आणि तिचा तव्यावर भुगा होतो. अर्थात, हे सगळं ठीक दिसूनही हिस्टामिन असू शकतं, हे लक्षात असू द्या.

त्रास झालाच तर उरलेली तुकडी टाकू नका, बर्फात ठेवा. बिल जपा. त्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. आम्ही तुकडी तिथेच टाकून आलो, त्यामुळे तपासायला हाती काहीच उरलं नव्हतं. श्वास लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका.

त्याच सकाळी कॉटेजच्या खाली एक माणूस हवेच्या ट्यूबवर बसून जाळं ओढत होता. टोपलीत दोन कटला आणि एक मरळ, मरळ अजून वळवळत होती. रेस्टॉरंटच्या दारापासून शंभर पावलांवर हा मासा होता आणि मेन्यूकार्डावर त्याचं नावही नव्हतं. तिकडे उजनी धरणाच्या पाण्याजवळ भिगवणला लोक मुद्दाम चिलापी आणि वाम खायला गाडी थांबवतात. आपल्याकडे मात्र गोड्या पाण्यातला मासा मागायला पाहुण्यालाच संकोच वाटतो, म्हणून मालकही ठेवत नाही. काटे जास्त असतात हे खरं. मुलांना निवडून द्या, आणि नीट शिजवून घ्या.

जून-जुलैत धरणाकाठी राहायला गेलात, तर आदल्या दिवशीच फोन करून सांगा: आम्हाला याच पाण्यातला मासा हवा. आणि ताटावर बसलेलं घरातलं मोठं माणूस जिभेला चुरचुरतंय म्हणालं, तर मसाल्याला दोष देऊ नका. त्यांचं ताट लगेच उचला.