चौकशीची सेवा आणि साक्षीभाव



सत्संगात किंवा कुटुंबात दोघांमध्ये वाद झाला की ‘नेमके काय घडले ते पाहा’ ही सेवा कधीतरी आपल्याकडे येते. ती कठीण आहे. पहिल्याचे ऐकताच मन निवाडा करून मोकळे होते. मग दुसऱ्याचे ऐकणे नावापुरतेच उरते.

१९१७ साली गांधीजी बिहारमधील चंपारणला गेले, तो प्रसंग अभ्यासण्यासारखा आहे. तेथील रयतेला वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठे जमिनीत सक्तीने नीळ लावावी लागे; म्हणून त्या पद्धतीला ‘तीनकठिया’ म्हणत. राजकुमार शुक्ल यांनी रयतेचे दुःख कळवळून सांगितले होते. तरीही गांधीजी आधी मळेवाल्यांच्या संघाच्या चिटणिसांना आणि आयुक्तांना भेटले. ‘तुम्ही बाहेरचे, तुमचा संबंध काय?’ असे त्यांना ऐकावे लागले. (चौकशी करणाऱ्याला हे बहुधा ऐकावेच लागते.) पुढे हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहिल्या गेल्या. प्रत्येकाची उलटतपासणी करावी आणि जो कसोटीला उतरणार नाही त्याची जबानी घेऊ नये, असा नियम होता. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांचेच बोलणे पारखून घ्यायचे! गुप्त पोलीस समोर बसत. त्यांनाही बसू दिले.

नंतर सरकारने सर फ्रँक स्लाय यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सदस्य झालो तरी रयतेची बाजू मांडणे सोडणार नाही, हे गांधीजींनी आधीच स्पष्ट केले होते. निःपक्षपातीपणा म्हणजे मन कोरे असणे नव्हे. कल असेल तर तो उघड सांगावा आणि तथ्यांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. त्या समितीत मळेवाल्यांचाही प्रतिनिधी होता, तरी अहवाल एकमताने झाला. अन्यायाने घेतलेल्या रकमेचा काही भाग परत करावा आणि तीनकठिया कायद्याने बंद करावी, असे ठरले.

तेव्हा ही सेवा आपल्याकडे आली, तर दोघांपैकी कोणाशी आपली जवळीक आहे हे प्रथम सांगा. फारच जवळचे नाते असेल, तर सेवा दुसऱ्याकडे सोपवा. दोघांना वेगवेगळे भेटा. ‘हे तुम्ही स्वतः पाहिले की कोणी सांगितले?’ एवढे मात्र प्रत्येक वेळी विचारा. निम्मा वाद येथेच विरतो. लिहून घेतलेले ज्याचे त्याला वाचून दाखवा. आणि निर्णय होईपर्यंत त्याविषयी घरीसुद्धा बोलू नका.