भिंतीआडच्या नळ्यांना घाम का फुटतो?

नागपुरात सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरून जाताना जरा मान वर करून पाहा. इमारतींच्या भिंतींवर एसीच्या बाहेरच्या पेट्या टांगलेल्या दिसतील आणि त्यांच्यापासून पट्टीत गुंडाळलेल्या नळ्या खोल्यांत शिरताना दिसतील. रंगवलेल्या खोलीत मात्र या नळ्या डोळ्यांना खुपतात. म्हणून पुष्कळजण भिंतीत झिरी खोदून त्या गाडून टाकतात.

समजा, हे काम मे महिन्यात झाले. गिलावा सुकला, रंग लागला, सारे ठाकठीक. जुलैत मात्र नेमक्या त्याच रेषेत ओल उमटली आणि रंगाचे पोपडे सुटू लागले. घरातील मंडळी म्हणतात, "नळी गळते आहे." कारागीर म्हणतो, "नळी शाबूत आहे." खरे कोणाचे?

झिरीत तांब्याच्या दोन नळ्या, पाणी वाहून नेणारी प्लॅस्टिकची एक नळी आणि विजेची तार असते. बारीक तांब्याच्या नळीतून शीतक आत जातो व जाड नळीतून त्याची वाफ बाहेर परतते. अशा बहुतेक यंत्रांत शीतकाचा दाब बाहेरच्या पेटीतच उतरवलेला असतो. त्यामुळे दोन्ही नळ्या थंड असतात. त्यांचे तापमान 10 अंश सेल्सिअस धरू.

आता थोडे गणित करू. 10 अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 9.4 ग्रॅम बाष्प मावते. मे महिन्यातील दुपारी तापमान 42 अंश व सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 8.5 ग्रॅम बाष्प असते. ही हवा नळीजवळ 10 अंशांपर्यंत थंड झाली तरी सगळे बाष्प तिच्यात मावते. नळी कोरडी राहते. जुलैत तापमान 28 अंश व आर्द्रता 80 टक्के असेल, तर बाष्प सुमारे 22 ग्रॅम असते. त्यातले साडेबारा ग्रॅम हवेत मावत नाही. त्याचे पाणी होऊन नळीवर साचते आणि भिंतीत मुरते.

म्हणजे नळी शाबूत आहे आणि ओलही खरी आहे. पाणी आले ते हवेतून. चूक झाली ती नळीवरच्या आवरणात. मे महिन्यातील कोरड्या हवेने ती झाकून ठेवली, एवढेच.

म्हणून नळ्या झाकण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. दोन्ही नळ्यांवर फोमचे स्वतंत्र आवरण हवे, त्याच्या जोडांत फट नको आणि वळणावर ते दबलेले नको. पाण्याच्या नळीला दर मीटरला निदान 1 सेंटीमीटर उतार हवा. तांब्याच्या नळ्यांचे सांधे भिंतीत गाडू नयेत. गिलाव्यापूर्वी नळ्यांत नायट्रोजन वायू दाबाने भरून गळती तपासावी. झिरीसाठी तुळई किंवा खांब कधीही खोदू नये. सर्वांत सोपे म्हणजे आतले यंत्र बाहेरच्या भिंतीवरच बसवणे. मग मागे बाहेरच्या बाजूस किंचित उतरते एक भोक पुरते. ते जमत नसेल तर भिंतीवरून उघडता येणारी प्लॅस्टिकची पन्हळ न्यावी. ती थोडी दिसते, पण दोषही लगेच दिसतो.

करून पाहा : स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घ्या, तापमापी ठेवा आणि बर्फाचे लहान तुकडे टाकून ढवळत राहा. पेल्याबाहेर पहिले दव ज्या तापमानाला दिसेल, तो त्या हवेचा दवबिंदू. हा प्रयोग मे महिन्यात करा, जुलैत पुन्हा करा आणि दोन्ही आकडे वहीत नोंदवा.

विचार करा : मे महिन्यातच त्या घरात कूलरही चालू आहे. खोलीतील हवा 30 अंश व आर्द्रता 60 टक्के आहे. 30 अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते. आता उघड्या नळीला घाम फुटेल काय?