पेशी वाढल्या म्हणजे उपचार फसला असे नव्हे

दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया व त्याचेच ग्रंथींतील रूप असलेला मंदगती लिम्फोमा यांवर इब्रुटिनिब हे लक्ष्यवेधी औषध दिले जाते. अमेरिकेत या ल्युकेमियासाठी त्यास २०१४ साली मान्यता मिळाली. रोगपेशींना ग्रंथींत तग धरण्यास साहाय्य करणारे ‘बीटीके’ हे प्रथिन ते रोखते. त्यामुळे पेशी ग्रंथींतून रक्तात उतरतात. परिणामी, पहिल्या काही आठवड्यांत गाठी ओसरत असतानाच रक्तातील लिम्फोसाइटची संख्या वाढलेली दिसते. केवळ ही वाढ म्हणजे रोगवृद्धी नव्हे. गाठी व प्लीहा यांचा आकार, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि ताप, घाम, वजनघट ही लक्षणे एकत्र पाहूनच तज्ज्ञ निर्णय घेतात. अहवालातील एका आकड्याने घाबरून गोळी परस्पर बंद केल्यास ओसरलेल्या गाठी पुन्हा वाढू शकतात, हे रुग्णाच्या कुटुंबीयांस समजावून देणे अगत्याचे आहे.