उसना कोड घेताना

अंबाजोगाई, जि. बीड

चि. भाच्यास,

तुझं पत्र पोचलं. टीआय-84 प्लस कॅल्क्युलेटरवर प्रक्षेप्य गतीचा आलेख काढताना दुसऱ्याने लिहिलेला भाग उचलला, तर ती चोरी का, असं विचारतोस. त्याने मुभा दिली असेल तर खुशाल घे. अक्ष आखणारा, आकडे मांडणारा कोड पहिल्यापासून लिहीत बसण्यात शहाणपण नाही. मात्र उचललेली ओळ कशासाठी आहे, हे तुला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो भाग अजून घेऊ नकोस.

या यंत्रावर तर हे जास्तच पाळावं लागतं. त्याच्या टीआय-बेसिक भाषेत साध्या संख्या ठेवायला ए ते झेड आणि थीटा एवढीच अक्षरं, आणि तीही सगळ्या प्रोग्रॅमना सामायिक. तू टीमध्ये वेळ ठेवलीस आणि बोलावलेल्या प्रोग्रॅमनेही टीच वापरला, की तुझी वेळ पुसली गेली. यंत्र चकार शब्द काढत नाही. त्या प्रोग्रॅमच्या शेवटी 'रिटर्न' आहे की 'स्टॉप', तेही बघ. रिटर्नने काम तुझ्या प्रोग्रॅमकडे परत येतं, स्टॉपने सगळंच तिथे थांबतं. कुणी मध्येच 'डिग्री' लिहिलेलं असतं. मग −10 ते 10 च्या नेहमीच्या चौकटीत साइनचा आलेख अक्षाला चिकटलेल्या सपाट रेषेसारखा दिसतो, आणि पोरं बिचारी सूत्रातली चूक शोधत बसतात.

आता प्रोग्रॅममध्ये मूळ लेखकाचं नाव लिहिण्याचं. जागा पुरत नाही, ही सबब मला सांगू नकोस; यंत्राच्या 24 केबी मेमरीत एका नावाला कितीशी जागा लागते? कमेंटची वेगळी सोय नसली तरी अवतरणचिन्ह देऊन ओळ लिहिता येते. ती अगदी वर लिही. तो मजकूर 'आन्स'मध्ये जाऊन बसतो, त्यामुळे हिशेबाच्या मध्ये टाकलीस तर आधीचं उत्तर जाईल.

दुसऱ्याच्या लिखाणाला हात कसा लावावा, ते यावरून बघ: गोदावरीपल्याड पैठणला एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलांत पाठ बिघडले होते. नाथ स्वतः थोर कवी. स्वतःचं म्हणणं त्यांनी भागवतावरच्या टीकेत, स्वतःच्या नावाने मांडलं होतं. ज्ञानेश्वरीत मात्र कुणी आपली ओवी घालू नये, असं त्यांनी बजावून ठेवलं. दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवू नये, हे तुला शाळेत सांगितलंच असेल. आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवणं मला त्याहून वाईट वाटतं. तू घोळ घालायचा आणि शिव्या मूळ लेखकाने खायच्या! म्हणून त्याच्या नावाखाली तुझं नाव आणि काय बदललंस ते लिही. मूळ प्रोग्रॅम न बदलता वेगळा ठेव.

बारावीच्या पेपरात लॉगटेबल चालतं, हे यंत्र चालत नाही. तेव्हा मार्कांसाठी यात वेळ घालवत असशील तर आत्ताच थांब. हौसेने करत असशील तर उसन्या कोडमध्ये सापडलेली चूक आधी मूळ लेखकाला कळव, मला मागाहून कळवलीस तरी चालेल.

तुझा,
मामा