आयसीयूत औषधांवर नजर कोणाची?

घरचं माणूस आयसीयूत गेलं की आपण दाराबाहेर बसतो. आतून चिठ्ठी येते, आपण धावत औषधं आणून देतो. पण ती औषधं एकमेकांबरोबर चालतात का, पेशंटच्या किडनीला झेपतात का, हे रोज कोण बघतं? डॉक्टर बघतात, आम्ही नर्सही बघतो. पण एकेका पेशंटला दहा-दहा औषधं चालू असतात. रात्रपाळीत नजर चुकू शकते. म्हणून तिसरी नजर हवी. ती क्लिनिकल फार्मासिस्टची.

खिडकीवर गोळ्या देणारा फार्मासिस्ट आपल्या ओळखीचा आहे. क्लिनिकल फार्मासिस्ट डॉक्टरांबरोबर राऊंडला असतो. किडनीचा रिपोर्ट बिघडला, तर कोणत्या अँटिबायोटिकचा डोस कमी करायचा हे सुचवतो. टीबीची रिफाम्पिसिन चालू असली की रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा असर कमी होतो, हे लक्षात आणून देतो. नाकातल्या नळीतून देण्यासाठी आम्ही गोळी कुटतो. पण दिवसभर हळूहळू काम करणारी गोळी कुटली, तर सगळा डोस एकदम अंगात जातो. ती कुटू नका, दुसरं औषध घ्या, हे तो सांगतो.

अमेरिकेत बोस्टनच्या एका आयसीयूत राऊंडला फार्मासिस्ट ठेवून पाहिला. औषध लिहिताना झालेल्या चुकांमुळे होणारे, टाळता येणारे अपाय सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या मुंबईने तर मोठी किंमत मोजली आहे. १९८६ साली भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तिथे चूक डोसची नव्हती, खरेदीची आणि तपासणीची होती. पण धडा एकच: औषध तपासणारा जागा नसेल, तर जीव पेशंटचा जातो.

आपल्या देशात २००८ पासून फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शिकलेली मुलं आहेत. प्रत्येक सरकारी आणि पालिकेच्या आयसीयूत त्यांची पदं हवीत. हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, तो आपला हक्क आहे. आपल्या मुलामुलींनीही हे शिक्षण घ्यावं.

तोवर आपण एवढं करू या:

• घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून दवाखान्यात न्या. जडीबुटी, दुखण्याच्या गोळ्याही लपवू नका.
• टीबी, किडनीचा आजार, पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं, हे आधीच सांगा.
• "औषधांची यादी रोज कोण तपासतं?" असं नम्रपणे, पण न घाबरता विचारा.
• औषधाने त्रास झाला तर डॉक्टरांना लगेच सांगा. त्याची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही करता येते. परळच्या केईएममध्ये अशा नोंदींचं केंद्र १९९७ सालीच झालं होतं.

विचारणारा नातेवाईक आम्हा नर्सना त्रासाचा वाटत नाही. तोही आमच्या पेशंटवरची एक नजरच असतो.