‘ईसीएम गेला’ म्हणणारे पुष्कळ, सिद्ध करणारे थोडे

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलपासून नागपूरजवळच्या वाडीपर्यंत कुठल्याही गॅरेजांच्या रांगेत हल्ली एक निदान फार सहज ऐकू येतं : ‘ईसीएम गेला.’ ट्रक चढावर दम सोडतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, स्कॅनर पाच-सहा कोड दाखवतो आणि गाडीमालकाला इंजिनाचा कॉम्प्युटर बदलायला सांगितलं जातं. माल अडकलेला, बँकेचे हप्ते चालू. तो बिचारा हो म्हणतो. नवा, महागडा ईसीएम बसतो आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा डोळे वटारतो. कारण बहुतेक वेळा दोष कॉम्प्युटरमध्ये नसतोच. तो असतो घासलेल्या वायरीत, पाणी शिरलेल्या कपलरमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये. हे मोजून दाखवणारी माणसं कमी आहेत. दहावी-बारावीच्या निकालानंतर विवंचनेत पडलेल्या घरांनी या कामाकडे जरा नीट पाहावं.

डिझेल ट्रक पूर्वी असा नव्हता. मुरलेला मिस्त्री आवाज ऐकून, धुराचा रंग बघून दोष सांगायचा. १९९५ मध्ये जपानच्या डेन्सोने हिनोच्या ट्रकवर कॉमन रेल पद्धत आणली आणि डिझेल कधी, किती फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवू लागला. आपल्याकडे मोठा धक्का बसला १ एप्रिल २०२० रोजी. प्रदूषणाच्या नियमांतला बीएस-५ हा टप्पा गाळून देश बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेला. आता रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, दाब २,००० बारच्या आसपास जातो. एकाच स्ट्रोकमध्ये डिझेल दोन-तीन हप्त्यांत, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने फवारलं जातं. पुढे सायलेन्सरच्या जागी काजळी अडवणारा फिल्टर आणि धूर स्वच्छ करणारी युरियाची यंत्रणा. या सगळ्यावर सेन्सर, आणि सगळे सेन्सर अहवाल देतात ईसीएमला. इथे नुसता कान पुरत नाही.

मग लागतं काय? पालकांना आश्चर्य वाटेल, पण बरंचसं शाळेच्या विज्ञानातच आहे. ओहमचा नियम, रोधांची एकसर आणि समांतर जोडणी. ट्रकमधले निरनिराळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते कॅन नावाच्या, एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला तर किती दाखवायला हवं? समांतर जोडणीचं सूत्र आठवणारा विद्यार्थी चटकन सांगेल : ६०. मीटर १२० दाखवत असेल तर एका टोकाचा रोध तुटला आहे किंवा मधेच तार तुटली आहे. शून्याजवळ आला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. दोन मिनिटांची ही तपासणी न करता ईसीएम बदलणारे आजही आहेत!

खरी मजा मात्र कोड वाचण्यात आहे. ट्रकमध्ये जे१९३९ या पद्धतीने दोष दोन आकड्यांत सांगितला जातो : एसपीएन म्हणजे कुठे, एफएमआय म्हणजे काय. ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १०० म्हणजे ऑइलचा दाब, १५७ म्हणजे रेलमधला दाब. एफएमआय ३ असेल तर सिग्नलचं व्होल्टेज नको तितकं वर, ४ असेल तर नको तितकं खाली. आता समजा ऑइलचा दाब, रेलचा दाब आणि टर्बोच्या हवेचा दाब, तिन्ही सेन्सरांचे कोड एकदम आले आणि तिन्हींवर ४. नवशिका म्हणेल, तीन सेन्सर एकदम कसे जातील, म्हणजे ईसीएमच गेला. तर्क ऐकायला बरोबर वाटतो. पण अनेक सेन्सरांना ईसीएम ५ व्होल्टचा एकच सामाईक पुरवठा देतो. त्यातल्या एका सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत शॉर्ट झाला की पुरवठाच कोसळतो आणि निर्दोष सेन्सरही खोटं बोलू लागतात. बहुधा अशा वेळी ३५०९ हा पुरवठ्याचा स्वतंत्र कोडही यादीत असतो, पण यादीच्या तळाशी कोण बघतो? जाणकार तंत्रज्ञ मीटर ५ व्होल्टच्या तारेवर ठेवतो आणि सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत जातो. ज्या क्षणी मीटरवर ५ परत येतात, त्या क्षणी चोर सापडला. सगळे कपलर काढूनही ५ आले नाहीत, तर आधी हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, तपासायचा. तोही निर्दोष निघाला, मगच संशय ईसीएमवर.

अर्थिंगचं प्रकरण याहून फसवं. कपलरच्या आत तांब्याचा एकच धागा शाबूत असेल, तरी मल्टिमीटर खुशाल २४ व्होल्ट दाखवतो. इंजिन विजेचा जोर मागू लागलं की तो धागा दगा देतो. म्हणून अनुभवी माणूस त्या वायरीवर हेडलाइटचा २४ व्होल्टचा बल्ब पेटवून बघतो. बल्ब मिणमिणला तर वायर गेली, ईसीएम नव्हे.

अर्थात ईसीएम खराब होतच नाही असं नाही. बॅटरीची वायर न काढता चॅसिसवर वेल्डिंग करणं, जंप देताना बॅटरीचे टर्मिनल उलटे जोडणं, वर्षानुवर्षं इंजिनाची उष्णता आणि हादरे सोसणं, ही नेहमीची कारणं. एसपीएन ६२९ आणि एफएमआय १२ अशी जोडी आली तर ईसीएम स्वतःचाच दोष सांगत असतो. तरीही त्याला मिळणारी वीज आणि अर्थिंग तपासल्याखेरीज शहाणा माणूस नव्या भागाची ऑर्डर देत नाही.

बदलणं म्हणजे चार बोल्ट काढणं-घट्ट करणं नव्हे. इग्निशन बंद केल्यावर युरियाचा पंप नळ्यांमधला युरिया मागे ओढून घेतो; तेवढा वेळ थांबूनच बॅटरी काढायची. नवा ईसीएम बऱ्याचदा कोरा येतो. त्यात त्याच गाडीचं, त्याच इंजिनाचं सॉफ्टवेअर भरावं लागतं. प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड टाकावा लागतो, कारण इंजेक्टर एकसारखे असले तरी प्रत्येकाची फवारणी किंचित वेगळी असते. जिथे इमोबिलायझर आहे तिथे किल्लीचीही ओळख पटवून द्यावी लागते. हे चालू असताना व्होल्टेज घसरलं किंवा लॅपटॉप बंद पडला, तर नवाकोरा ईसीएमही निकामी होऊ शकतो. म्हणून चांगल्या गॅरेजात आधी बॅटरीला स्थिर पुरवठा जोडतात.

शिक्षणाची वाट सरळ आहे. दहावीनंतर आयटीआयत ‘मेकॅनिक डिझेल’ एक वर्षाचा, ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ दोन वर्षांचा. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पुढे पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट असते, आणि डिप्लोमावरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. पण वर्गात एवढं सगळं हाताखालून जात नाही; खरं शिक्षण अप्रेंटिसशिपमध्ये. १९६१ च्या कायद्याखालच्या या उमेदवारीत विद्यावेतन मिळतं, मात्र त्यावर घर चालेल अशी आशा पालकांनी धरू नये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये शिस्त, अधिकृत स्कॅनर आणि वायरिंगचे नकाशे मिळतात, पण एकाच कंपनीच्या गाड्या. खासगी गॅरेजात दहा कंपन्यांच्या गाड्या येतात, पण नकाशा मागितला तर उस्ताद हसतो. आधी पहिलं, मग दुसरं, हा क्रम बरा.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमाच्या मुलांना असते. सर्व्हिस मॅन्युअल इंग्रजीत असतं हे खरं, पण त्यातली भाषा ठरावीक; दोन-तीनशे शब्द आणि आकृत्यांची चिन्हं पक्की झाली की काम भागतं. ‘हात काळे होतील’ ही आईची काळजीही खरी आहे. होतात. ऊन आहे, रात्री-अपरात्री हायवेवरून फोन आहेत. ज्याला न सुटणाऱ्या कोड्यापुढे तासभर शांत बसता येत नाही, त्याने इकडे येऊ नये. मुलींना वर्कशॉपमध्ये अजून कपाळावर आठी घालूनच पाहिलं जातं, पण मीटरला ताकद लागत नाही.

आणखी एक धोका घरच्यांनी आधीच बोलून ठेवावा. युरियाची यंत्रणा बंद करून ईसीएमला ‘सगळं ठीक आहे’ असं भासवणारी डबी लावायला सांगणारे गाडीमालक भेटतातच. पैसे पटकन मिळतात, पण ते प्रदूषणाच्या नियमांचं सरळ उल्लंघन आहे. आणि त्या गाडीत पुढे काहीही बिघडलं, की बोट डबी लावणाऱ्याकडेच जातं.

‘डिझेलच बंद होणार, मग?’ हा बापाचा हमखास प्रश्न. विजेवरच्या ट्रकमध्ये इंजेक्टर नसतील, पण कॅनच्या तारा, सेन्सर, कोड आणि सॉफ्टवेअर असतीलच. फक्त बॅटरी काही शे व्होल्टची असल्याने सुरक्षिततेचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागेल. तोवर आज रस्त्यावर असलेले बीएस-६ ट्रक जुने होत जातील, त्यांच्या वायरी घासतील, कपलर गंजतील. प्रवेश घेण्याआधी मुलाला घेऊन आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारावी आणि कॉमन रेलचं चालू इंजिन आहे का, स्कॅनर विद्यार्थ्यांच्या हातात देतात की काचेच्या कपाटात ठेवतात, एवढं विचारावं. आणि पहिल्या विद्यावेतनातून स्कॅनर नव्हे, चांगला मल्टिमीटर घ्यावा.